किडनीवरचं पहिलं पोस्टर: दुसऱ्या तपासणीशिवाय मेळावा गाठू नका

किडनीच्या आजारांवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांच्या मेळाव्याला पहिल्यांदाच जाणार असाल, तर पोस्टर कसं मांडावं, फॉन्ट केवढा घ्यावा हे मी सांगत बसत नाही. ते तुम्हाला येतं. मला बोलायचंय ते एका प्रश्नाबद्दल. पणजीत माझ्या पोस्टरसमोर थांबलेल्या पहिल्याच ज्येष्ठ डॉक्टरांनी तो विचारला: "दुसरं क्रिएटिनिन कधी केलंत?" (क्रिएटिनिन म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ.)

माझं काम दक्षिण गोव्यातल्या काणकोणातलं. मधुमेह नाही, जुना रक्तदाब नाही, तरी किडनी निकामी होते, अशा रुग्णांमुळे या तालुक्याचं नाव आंध्रातल्या उड्डानम आणि श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांताबरोबर घेतलं जातं. त्यामुळे काणकोण म्हटलं की लोक थांबून वाचतात, आणि बारकाईने वाचतात. माझ्याकडे शिबिरातलं एकदाच घेतलेलं रक्त होतं.

किडनीच्या जुनाट आजाराची व्याख्या सगळ्यांना पाठ असते: ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज) ६० च्या खाली, किंवा लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिग्रॅ प्रति ग्रॅम वा त्याहून जास्त. पण पुढचे शब्द, "किमान तीन महिने", पोस्टरवर येईपर्यंत गळून पडतात. केडिगो या किडनी-आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहेत, २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही आहेत. ते का आहेत, हे शिबिराच्या टेबलापाशी बसल्यावर कळतं. मे महिन्यात काजूच्या बागायतीतून माणूस थेट येतो. सकाळपासून पुरेसं पाणी नाही, रात्री मटण झालेलं, कंबर दुखते म्हणून फार्मसीतून आणलेली वेदनाशामक गोळी पोटात. त्याचं क्रिएटिनिन चढलेलंच दिसणार. आठवड्याने तेच उतरलेलं असू शकतं. त्याला जुनाट आजाराच्या रकान्यात टाकलंत, तर तुमचं प्रमाण फुगतं आणि त्याच्या घरात विनाकारण धास्ती शिरते. अल्ब्युमिनचंही तेच: ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, अंगमेहनत यांनी ते तात्पुरतं वाढतं.

चूक उलट्या बाजूनेही होते. अंगावर मांस कमी असलेल्या शेतमजुराचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, म्हणून किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसते. सिस्टॅटिन सी (अंगावरच्या मांसावर फारशी न ठरणारी रक्ताची दुसरी तपासणी) परवडत असेल तर निदान काही नमुन्यांत करा. काणकोणातल्यासारख्या, ज्याचं कारण अजून कळलेलं नाही अशा आजारात बिघाड मुख्यतः किडनीतल्या बारीक नलिकांमध्ये असतो, अल्ब्युमिन फारसं गळत नाही. नुसत्या लघवीच्या पट्टीवर विसंबलात तर नेमके हेच रुग्ण सुटतील.

दुसरी तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. क्रिएटिनिन मोजायच्या जाफे पद्धत आणि एन्झायमॅटिक पद्धत यांचे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. कोणती पद्धत वापरली ते लॅबकडून लेखी घ्या. ईजीएफआर काढायचं सूत्र सीकेडी-ईपीआयचं २००९ चं की २०२१ चं, तेही पोस्टरवर लिहा. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे टाकून सूत्राचं नाव न बघणं हा शॉर्टकट मला अजिबात सहन होत नाही.

आणि वेळापत्रक! एप्रिलमध्ये पहिली फेरी केलीत तर दुसरी भर पावसात, लावणीच्या दिवसांत येते. ती चुकली की चवथ (गणेशोत्सव), मग घरोघर माणूस सापडणं कठीण. कापणी उरकल्यावर नोव्हेंबरात सुरू करा, फेब्रुवारीत परत जा. एथिक्स कमिटीच्या अर्जात दुसरी भेट पहिल्यापासूनच घाला. "एकदाच रक्त घ्या, ॲबस्ट्रॅक्टपुरतं चालतं" असं सांगणारा मार्गदर्शक भेटला तर दुसरा शोधा. मोठ्या नावापेक्षा तुमचा मसुदा लाल पेनाने रंगवणारा माणूस बरा.

आता ज्यांचं पोस्टर गेलंय आणि हाती एकच तपासणी आहे, त्यांनी घाबरून नाव मागे घेऊ नये. "आजाराचं प्रमाण" ऐवजी "एका तपासणीत ईजीएफआर कमी आढळलेल्यांचं प्रमाण" असं म्हणा, मर्यादा पहिल्या मिनिटातच सांगा. मी दुपारच्या सत्रात तसंच मांडलं. त्यानंतर तेच डॉक्टर माझ्याबरोबर बसले आणि दुसऱ्या फेरीचा आराखडा आम्ही तिथेच केला. अशा मेळाव्यांत बहुतेक ज्येष्ठ अडवायला नव्हे, काम पुढे न्यायला येतात. तिथे रडू आलं तरी चालतं, मलाही आलं होतं.

एक गोष्ट मात्र मेळाव्याची वाट बघू शकत नाही. क्रिएटिनिन फारच वाढलेलं दिसलं तर तीन महिन्यांचा नियम त्या माणसाला लावू नका, त्याच आठवड्यात त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा. बाकीच्यांचे रिपोर्ट घरी पोचवा, वेदनाशामक गोळ्यांबद्दलची सूचना मराठी-कोंकणीत लिहून सोबत द्या, आणि दुसऱ्या तपासणीची तारीख त्याच कागदावर टाका.