एका मोराचा डोळा जाड, दुसऱ्याचा बारीक: माझा अनुभव

मी नाशिकला असतो, कोड लिहून पिक्सेल आर्ट, म्हणजे छोट्या चौकोनी ठिपक्यांची चित्रं काढतो, सध्या येवल्याच्या पैठणीवरचे मोर चाललेत. 240 बाय 240 चा ग्रिड, डावे 120 कॉलम रँडमने भरायचे नि उजवीकडे आरशासारखे उलटे, म्हणजे समोरासमोर जोडी. पोस्टसाठी ते मोठं करून 1080 पिक्सेलचा चौकोन केला तर सगळं धुरकट, जणू रामकुंडात बुचकळून काढलंय! कारण कॅनव्हासचं (ब्राउझरमध्ये कोडने चित्र काढायची जागा) इमेज स्मूदिंग मुळात चालूच असतं, ते मोठं करताना शेजारच्या रंगांची सरासरी काढून मधलेच रंग घुसडतं. ते बंद केलं, कडा एकदम कडक. पण आई बघून म्हणते, "अरे, ह्या एका मोराचा डोळा सुजलाय का रे?"

दोन दिवस डोकं खाजवलं. 1080 भागिले 240 म्हणजे साडेचार, आता अर्धा पिक्सेल कुठून आणणार, म्हणून एक कॉलम 4 पिक्सेलचा नि पुढचा 5 चा होत होता. मग सरळ 4 पटच केलं, 960 झाले, उरलेल्या 120 ची दोन्हीकडे 60-60 किनार दिली, पैठणीला काठ हवाच ना.

आणि हो, सीड नंबर (ज्या आकड्यावरून रँडम सुरू होतं, तोच दिला की तेच चित्र परत येतं) फाईलच्या नावातच टाका, माझी सगळ्यात देखणी जोडी रिफ्रेश मारलं नि कायमची उडाली.