मुंबई सिटीचे वेळापत्रक किती अवघड आहे, हे कसे ठरवावे

हंगामाचे वेळापत्रक जाहीर झाले की मुंबई सिटी या फुटबॉल संघाचे सामने पाहायला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात नियमाने जाणाऱ्या चाहत्यांमध्ये पहिला वाद पेटतो, तो यंदा आपल्या वाट्याला कोण कधी आले याचा. हा वाद संघावरील प्रेमातून येतो आणि तो नीट घातला जावा असे मला मनापासून वाटते; पण बहुतेक वेळा तो प्रतिस्पर्ध्यांच्या नावांपाशीच अडकून पडतो. इंडियन सुपर लीग दुहेरी साखळी पद्धतीने खेळली जाते, तेव्हा प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर खेळतो, त्यामुळे कोलकात्याचे बलाढ्य मोहन बागान आपल्या वाट्याला आले, तसे ते सगळ्यांच्याच वाट्याला आलेले असते. फरक पडतो तो सामन्यांच्या क्रमाने, मधल्या विश्रांतीने आणि प्रवासाने. साखळी एकेरी असेल, तर मात्र बलाढ्य संघांपैकी कोण अंधेरीत येणार आणि कोणाकडे आपल्याला जावे लागणार, हे सर्वांत आधी पाहावे, कारण परतीचा सामना नसल्याने तो फरक भरून निघत नाही.

सुरुवातीला सर्व सामन्यांचा एक तक्ता करावा. प्रत्येक सामन्यापुढे तारीख, प्रतिस्पर्धी, मैदान, आपल्याला मागील सामन्यानंतर मिळालेले दिवस आणि प्रतिस्पर्ध्याला मिळालेले दिवस लिहावेत. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे: आपण बुधवारी खेळून रविवारी पुन्हा उतरणार असू आणि समोरचा संघ आठवडाभर ताजातवाना होऊन येणार असेल, तर मधल्या फळीतला संघसुद्धा जड जातो. दोघेही सारखेच दमलेले असतील, तर कमी विश्रांतीची तक्रार करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर प्रतिस्पर्ध्याचे बळ मोजावे. मागील हंगामातील गुणांना सामन्यांच्या संख्येने भागावे, आणि शक्य असेल तर घरचे व बाहेरचे सामने वेगळे धरावेत. २०२३-२४ मध्ये मोहन बागानने २२ सामन्यांत ४८ गुण मिळवले, म्हणजे सामन्यामागे सुमारे २.१८, मुंबईचे ४७ होते. मात्र हा आकडा आंधळेपणाने वापरू नये. हैदराबादने २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ४२ गुण घेऊन दुसरे स्थान मिळवले होते; जुन्या तालिकेवर विसंबणाऱ्याने पुढच्या हंगामात त्यांच्याविरुद्धचे दोन्ही सामने अतिकठीण ठरवले असते, पण आर्थिक अडचणींत खेळाडू सोडून गेल्यावर त्याच संघाला २२ सामन्यांत फक्त ८ गुण मिळाले. म्हणून कोण गेले, कोण आले आणि प्रशिक्षक तोच आहे का, हे पाहून प्रत्येक आकडा हाताने वरखाली करावा.

प्रवासाकडे किलोमीटरपेक्षा दगदगीच्या नजरेने पाहावे. गोव्यातील फातोर्डा जवळ आहे. जमशेदपूरला मात्र रांचीपर्यंत विमान आणि पुढे सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता असा प्रवास करावा लागू शकतो. सामना शिलाँगला असेल, तर सुमारे १,५०० मीटर उंचीचाही विचार करावा. लागोपाठ दोन दूरचे सामने आले आणि त्यानंतर लगेच घरचा सामना असेल, तर त्या घरच्या सामन्यालाही तक्त्यात थोडे अवघड धरावे.

लीगबाहेरचे सामने याच तक्त्यात, वेगळ्या रंगाने, लिहिणे आवश्यक आहे. २०२३-२४ च्या एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत मुंबईला सौदी अरेबियाचा अल हिलाल, इराणचा नस्साजी आणि उझबेकिस्तानचा नवबहोर यांच्याशी सहा सामने खेळावे लागले, आणि त्यांतले घरचे सामनेही अंधेरीत न होता बालेवाडी आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले. केवळ लीगचे वेळापत्रक पाहणाऱ्याला हा भार दिसतच नाही. राष्ट्रीय संघासाठी जाणाऱ्या खेळाडूंबाबतही तेच: ज्या संघाचे चार-पाच खेळाडू भारतासाठी खेळून परततात, त्याला आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीगला मिळालेली सुट्टी विश्रांतीची नसते.

हंगामाच्या शेवटच्या तीन-चार सामन्यांना स्वतंत्र वेळ द्यावा, कारण तेथे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीपेक्षा त्याची गरज महत्त्वाची ठरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईने लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारा किताब, आधीच निश्चित केले होते आणि त्यानंतर तालिकेत खाली असलेल्या ईस्ट बंगालकडून अंधेरीत ०-१ असा पराभव पत्करला. ईस्ट बंगालच्या चाहत्याने कागदावर सर्वांत कठीण मानलेला सामना त्यांना जिंकता आला. उलट १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबईला शील्डसाठी केवळ बरोबरी पुरेशी होती, पण मोहन बागानला विजय हवाच होता, आणि त्यांनी २-१ असा तो मिळवला. याच मैदानावर ४ मे रोजी साखळीनंतरच्या बाद फेरीचा अंतिम सामना मुंबईने मोहन बागानविरुद्ध ३-१ असा जिंकला, हे खरे. पण शेवटचा निर्णायक सामना परक्या मैदानावर असणे किती महागात पडू शकते, ते आपण पाहिलेले आहे.

आता प्रत्येक सामन्यापुढे आपल्याला अपेक्षित असलेले गुण लिहावेत आणि चार-चार सामन्यांचे गट पाडून बेरीज करावी, म्हणजे कठीण टप्पा कुठे आहे ते स्पष्ट दिसेल. असाच तक्ता विजेतेपदाच्या शर्यतीतील निदान दोन संघांसाठी करावा, कारण वेळापत्रक अवघड आहे की नाही हे त्यांच्या तुलनेतच ठरते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून केलेला दावा मी गंभीरपणे घेत नाही. जानेवारीतील खेळाडूंची अदलाबदल संपली की झालेले सामने वगळून उरलेल्यांचे आकडे नव्याने भरावेत, आणि पहिला तक्ता मात्र खोडू नये, कारण पुढल्या वर्षी आपले कोणते अंदाज सातत्याने चुकतात ते त्यावरूनच तपासता येते.