सीएसएम की पीएसएम? आधी हे बघा

सांगलीत विश्रामबागेत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी माझी भाची परवा विचारत होती, "मामा, सीएसएम करू की पीएसएम?" ही दोन्ही स्क्रम मास्टरची प्रमाणपत्रं. स्क्रम म्हणजे टीमने छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, आणि ती नीट पाळली जाते ना हे बघणारा तो स्क्रम मास्टर. म्हटलं, आधी नोकरीच्या दहा जाहिराती उघड, कोण काय मागतंय ते वहीत लिही. सीएसएमला कोर्स सक्तीचा, वर दर २ वर्षांनी पैसे भरून नूतनीकरण. पीएसएम-१ला, म्हणजे पीएसएमच्या पहिल्या पातळीला, कोर्सची अट नाही, एकदा मिळालं की कायमचं. पण परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि ८५ टक्के हवेत. घोकंपट्टी तिथे उघडी पडते. तिला मी पीएसएम-१च सुचवलं. स्क्रम गाइड, म्हणजे स्क्रमचे नियम सांगणारी पुस्तिका, फुकट मिळतं, ते तीनदा वाचायचं. मग पीएसएम देणाऱ्या स्क्रम डॉट ऑर्गवरची ३० प्रश्नांची मोफत चाचणी पैकीच्या पैकी येईपर्यंत देत राहायचं, आणि मगच फी भरायची. पीएमआय-एसीपी हे अशाच टप्प्याटप्प्याच्या (अजाइल) कामाचं आणखी एक प्रमाणपत्र, पण त्याला कामाचा अनुभव दाखवावा लागतो, नवख्यांनी सध्या तिकडे वळू नये.