ट्यूब तयार झाल्याशिवाय सिरिंज उचलू नका

शिरेतून भुलीचं इंजेक्शन गेलं की मिनिटभरात कुत्रं टेबलावर आडवं होतं. त्याच मिनिटात त्याचा जबडा सैल पडतो, गिळणं थांबतं, पोटातलं पाणी वर आलं तर ते अडवायला घशात काही उरत नाही, आणि पुष्कळदा श्वासही थांबतो. म्हणून जनावरांना नव्याने भूल द्यायला शिकणाऱ्या डॉक्टरांकडून मी आधी श्वासमार्गाची, म्हणजे तोंडातून श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबची, तयारी करून घेते. ती पूर्ण झाल्याशिवाय कुणाच्याही हातात भुलीची सिरिंज देत नाही.

टेबलावर एक नाही, तीन ट्यूब ठेवा. एक अंदाजाने बसेल ती, एक त्याहून अर्ध्या मापाने मोठी, एक लहान. बहुतेक मोठ्या मांजरांना ३.५ ते ४.५ मिलिमीटर आतल्या व्यासाची ट्यूब बसते. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण ७ची, वीस किलोच्याला ९ची, तीस किलोच्याला १० किंवा ११ची. वजनावर मात्र फार विसंबू नका. सुटलेल्या लॅब्रॅडॉरचं पोट वाढलेलं असतं, श्वासनलिका तेवढीच राहते. बुलडॉगच्या बाबतीत तर तक्त्यातल्या मापापेक्षा दोन-तीन मापं लहान ट्यूबही हाताशी हवी, कारण या जातीत श्वासनलिका जन्मतःच अरुंद असू शकते. गळ्यावर बोटं ठेवून नलिका चाचपा, त्यातून बराच अंदाज येतो.

लांबी बाहेरूनच मोजायची. ट्यूब जनावराच्या अंगालगत धरा. एक टोक पुढच्या दातांशी, दुसरं खांद्याच्या टोकापाशी, छातीच्या तोंडाशी. त्यापुढे गेलेली ट्यूब एकाच फुफ्फुसात शिरते, आणि मग ऑक्सिजन चालू असूनही रक्तातल्या ऑक्सिजनचं रीडिंग घसरत राहतं. कफमध्ये, म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्यात, हवा भरून ती काही मिनिटं तशीच ठेवा. बारीक गळती लगेच कळत नाही. नंतर हवा पूर्ण काढा, टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावा. लॅरिंगोस्कोपचा (घसा बघायच्या पात्याच्या उपकरणाचा) दिवा लागतोय ना, बांधायची पट्टी कापून ठेवली आहे ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.

आता ऑक्सिजन. मास्कने तीन ते पाच मिनिटं. इंडक्शननंतर, म्हणजे भूल चढवल्यावर, श्वास थांबला तर रक्तातला ऑक्सिजन घसरायला जो वेळ लागतो, तो या मिनिटांनी वाढतो. जनावर मास्कला झुंजत असेल तर जबरदस्ती नको. नाकापुढे नळी धरा, तेवढं तरी मिळतं.

औषधाकडे वळू. मिलिग्रॅमचं गणित लेबलवर लिहा, तोंडी ठेवू नका. प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं. प्रीमेड (भुलीआधीचं गुंगीचं औषध) दिलेलं बारा किलोचं कुत्रं घ्या. किलोला ४ मिलिग्रॅमने ४८ मिलिग्रॅम, म्हणजे ४.८ मिलिलिटर. एवढं सिरिंजमध्ये भरायचं, पण एवढं द्यायचंच असं नाही. एक चतुर्थांश हळूच द्या, पंधरा-वीस सेकंद थांबा, खालचा जबडा ओढून बघा. ताण असेल तर आणखी थोडं. जबडा सैल झाला आणि जीभ ओढल्यावर ती मागे खेचत नसली, की हात थांबवा. सिरिंजमध्ये निम्मं उरलं तर उत्तम, ते उरवायलाच आपण हळू देतोय. डेक्समेडेटोमिडीन किंवा झायलाझिन ही गुंगीची औषधं दिलेल्या जनावरात रक्ताभिसरण मंदावलेलं असतं, औषध मेंदूपर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेतं. ‘अजून झोपत नाही’ म्हणून घाईने पुढचा डोस ढकलला की दोन्ही डोस एकदम लागू होतात आणि रक्तदाब कोसळतो. थांबा आणि बघत राहा.

अल्फाक्सालोन या दुसऱ्या भुलीच्या औषधालाही हीच शिस्त, साधारण मिनिटभरात हळूहळू. शीर सापडत नसलेल्या मांजराला ते स्नायूतून देता येतं, ही त्याची मोठी सोय. केटामिनबरोबर डायझेपाम किंवा मिडाझोलाम देतात. हृदयाची गती त्याने सहसा टिकते, पण लाळ वाढते, डोळे उघडे राहतात आणि घशाच्या हालचाली पूर्ण जात नाहीत. म्हणून डोळ्यांत मलम घाला, आणि ट्यूब टाकताना घसा आक्रसेल हे धरून चाला. हृदयाचा स्नायू जाड झालेल्या मांजराला मी केटामिन देत नाही. थायोपेंटोन अजून काही ठिकाणी वापरात आहे. ते शिरेबाहेर गेलं तर कातडी सडते, त्यामुळे शिरेत पक्क्या बसलेल्या कॅन्युलाशिवाय (बारीक नळीशिवाय) त्याला हात लावू नये. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी जातींना तर ते नकोच, उठायला फार वेळ लागतो. प्रोपोफॉलच्या साध्या इमल्शनमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. उघडलेली कुपी उद्यासाठी ठेवू नका.

कुत्र्याला ट्यूब टाकताना मी त्याला पोटावर ठेवते. मदतनीस वरचा जबडा सुळ्यांच्या मागे धरून डोकं वर, मान सरळ ठेवतो. जीभ गॉझने धरून पुढे काढा, खालच्या दातांवर घासू देऊ नका. लॅरिंगोस्कोपचं पातं जिभेच्या मुळाशी टेकवून खाली दाबलं की एपिग्लॉटिस, म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडावरचं झाकण, आपोआप पुढे पडतं. पातं एपिग्लॉटिसवर ठेवायचं नाही, तिथे सूज येते. कधी ते मऊ टाळूच्या मागे अडकलेलं असतं. ट्यूबच्या टोकाने टाळू हलकेच वर उचला, ते सुटतं. मग दोन एरिटेनॉइडच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या दोन बाजूंच्या कूर्चांच्या, मधून, दिसत असताना, ट्यूब आत सरकवा.

मांजराचा घसा हा वेगळाच विषय, आणि सगळ्यात जास्त धीर इथेच लागतो. स्वरयंत्र एवढंसं असतं आणि स्पर्श झाला की घट्ट मिटतं. २ टक्के लिग्नोकेन ०.१ मिलिलिटर, सुई काढलेल्या सिरिंजने, थेंब थेंब दोन्ही एरिटेनॉइडवर सोडा. मांजरांना लिग्नोकेन लवकर बाधतं, त्यामुळे मोजूनच. बेन्झोकेन असलेला स्प्रे मांजराच्या घशात कधीच नको, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं. आता तोंड मिटा, मास्क लावा आणि अर्धा ते एक मिनिट थांबा. या मिनिटात कुणाशी बोलू नका, छातीकडे बघा. पुन्हा पातं लावलं की गुलाबी ओलसर दोन कडा दिसतील, श्वास आत घेताना त्या क्षणभर बाजूला होतात. ट्यूबचं टोक त्यांच्यासमोर अलगद धरून ठेवा, पुढचा श्वास येऊ द्या, कडा उघडल्या की किंचित फिरवत आत. कडा मिटलेल्या असतील तर ढकलायचं नाही. ढकलल्याने सूज येते, सुजेने पुढचा प्रयत्न आणखी अवघड होतो. मागे या, ऑक्सिजन द्या, भूल हलकी वाटली तर थोडं औषध वाढवा, लहान ट्यूब घ्या. तरीही जमलं नाही तर कुत्र्याचा बारीक युरिनरी कॅथेटर (लघवीची नळी) आधी आत सरकवून त्यावरून ट्यूब उतरवता येते. दोन प्रयत्न फसले की हात बदला, दुसऱ्याला करू द्या. तोवर मास्कचा ऑक्सिजन थांबता कामा नये.

ट्यूब गेली, असं म्हणून चालत नाही, ती श्वासनलिकेत गेली हे सिद्ध करावं लागतं. कॅपनोग्राफवर, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर, सलग काही श्वासांचा आलेख दिसला तर खात्री. यंत्र नसेल तर गळा चाचपा: एकच कडक नळी लागली तर ठीक, दोन लागल्या तर ट्यूब अन्ननलिकेत आहे. ट्यूबच्या आत श्वासाबरोबर वाफ धरते आणि जाते, भुलीच्या यंत्राची श्वासाची पिशवी हलते, दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोपवर आवाज सारखा येतो. शंका आली तर पुन्हा लॅरिंगोस्कोप लावून डोळ्यांनी बघा, त्यात कमीपणा नाही.

कफ फुगवताना सिरिंजच्या मिलिलिटरवर जाऊ नका. मदतनीस यंत्राची जादा हवा सोडणारी झडप बंद करून, पिशवी दाबून मीटरवर २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब धरतो, तुम्ही जनावराच्या तोंडाशी कान लावून गळतीचा आवाज थांबेपर्यंत थोडी थोडी हवा भरता. आवाज थांबला की बस. पिशवी सोडल्यावर झडप लगेच उघडा, ते विसरणं जीवघेणं ठरतं. जास्त फुगवलेल्या कफने मांजराची श्वासनलिका फाटते. आणि जनावराची कूस बदलताना दर वेळी सर्किट (यंत्राच्या नळ्या) ट्यूबपासून काढा, मग वळवा, मग जोडा. कुत्र्याची ट्यूब वरच्या जबड्याला सुळ्यांमागे बांधते, मांजराची आणि चपट्या तोंडाच्यांची कानांमागून.

श्वास थांबला असेल तर घाबरून जोराजोरात पिशवी दाबू नका. दहा-पंधरा सेकंदांनी एक श्वास पुरतो. नाडी धरून ठेवा, बहुतेकदा जनावर स्वतःच सुरू करतं.

ससा, गाय, घोडा यांना ट्यूब टाकण्याची रीत अगदी निराळी. सशाचं तोंड उघडून घसा दिसतच नाही, गायीत हाताने चाचपून ट्यूब घालावी लागते. ते शेजारी उभं राहून शिकायचं.

ट्यूब काढण्याची वेळही विचाराने ठरवा. कुत्रं गिळायला लागलं की कफची हवा काढून ट्यूब काढा. मांजराची त्याहून थोडी आधी, कान किंवा पापणी हलली की, नाहीतर घसा ट्यूबवर आवळतो. बुलडॉग, पग यांना मात्र ट्यूब चावून बाहेर टाकू पाहीपर्यंत ठेवा, ती त्यांना सुखाची वाटते. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत, भुलीमुळे दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया संपल्यावर गेली, आणि त्यातली बरीच पहिल्या तीन तासांत. म्हणून आमच्याकडे ट्यूब काढल्यावर जनावर पिंजऱ्यात ठेवून कुणी जात नाही. मान सरळ, जीभ बाहेर, अंगावर पांघरूण, आणि शेजारी एक माणूस, जो हिरड्यांचा रंग आणि श्वास वेळच्या वेळी कागदावर लिहितो. दुसरी ट्यूब आणि थोडं इंडक्शनचं औषध तोवर त्याच्या हाताशी राहू द्या.