पहिला फोन: फोटो दाबला की आई बोलते

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिला स्मार्टफोन देताना तो दुकानातून आला तसाच हातात देऊ नका. आधी तो रिकामा करा. आणि सुरुवातीला एकच गोष्ट शिकवा: घरी फोन लावणं.

अँड्रॉइडवर कॉन्टॅक्टमध्ये आईचा समोरून काढलेला, अलीकडचा फोटो लावा. रोज चष्मा असेल तर फोटोतही हवा. लग्नातल्या नटलेल्या फोटोवरून ओळख पटत नाही. मग मुख्य स्क्रीनच्या मोकळ्या जागी बोट दाबून धरा आणि 'विजेट'मधून कॉन्टॅक्टचं 'डायरेक्ट डायल' निवडा. आता फोटो दाबला की थेट फोन लागतो. दोन सिम असतील तर 'कोणतं सिम?' असं विचारलं जातं आणि तिथेच सगळं अडतं, म्हणून कॉलसाठी एक सिम आधीच ठरवून ठेवा. असे चार फोटो पुरेत, बाकी चिन्हं तिथून काढा. आयफोन असेल तर आयओएस १७ पासून 'असिस्टिव्ह ॲक्सेस'मध्ये अशीच मोठ्या चित्रांची स्क्रीन मिळते.

बोट हळू उचललं जात असेल तर फोन लागत नाही, चिन्हच जागेवरून सरकतं. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' लाँग करा. पिनऐवजी बोटाचा ठसा ठेवा, आणि तेच बोट थोडं तिरकं धरून दुसऱ्यांदा नोंदवा.

शिकवताना मागून पुढे या, म्हणजे शेवटची पायरी आधी शिकवा. फोन उचलणं, ठसा देणं हे सगळं तुम्ही करा. मुलीने फक्त फोटो दाबायचा. पलीकडून आईचा आवाज आला की तेच बक्षीस. हे सलग तीन दिवस न चुकता जमलं, की ठसाही तिने द्यायचा. मग फोन उचलणंही तिचंच.

'दाब, दाब' असं सांगत राहू नका. तोंडी सूचनेची सवय सर्वांत चिवट असते: मूल फोटोकडे नाही, तुमच्या आवाजाकडे लक्ष ठेवतं, आणि तुम्ही नसलात की थांबतं. मनात दहा अंक मोजा. तरीही हात हलला नाही तर बोटाने फोटो दाखवा, बोलू नका. तिचं बोट धरून दाबणं हा शेवटचा उपाय. थांबणं अवघड जातं, पण शिकणं त्या दहा अंकांतच होतं.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत 'सायलेन्स अननोन कॉलर्स' सुरू करा आणि ग्रुपमध्ये जोडण्याची परवानगी 'माय कॉन्टॅक्ट्स'पुरती ठेवा. लोकेशन शेअर करायचं असेल तर तिला सांगून करा. फोन तिचा आहे.

दुकानात पैसे देणं पुढे शिकवाल तेव्हा यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलं छोट्या रकमांचं पाकीट, वापरा. पिन लागत नाही, आणि त्यात २०० रुपयेच ठेवले तर चूक झाली तरी नुकसान तेवढंच. 'ऑटो टॉप-अप', म्हणजे त्यात आपोआप पैसे भरले जाणं, बंद हवं. यूपीआय पिन तिला येत असेल तर 'पैसे घ्यायला पिन लागत नाही' हे एकच वाक्य पाठ करून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

सिस्टिम अपडेटनंतर फोटो जागच्या जागी आहेत ना, ते तुम्ही पाहा. जागा बदलली की सवयीचं बोट चुकतं. आणि बॅटरी संपतेच, म्हणून तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड तिच्या पर्समध्ये असू द्या.