फुटबॉल क्लबचा ताळेबंद कसा वाचावा

आपल्या क्लबवर प्रचंड कर्ज आहे अशी बातमी आली की चाहत्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो बुडालो, दुसरा म्हणतो मालक खमका आहे. ताळेबंद मात्र दोघांनीही उघडलेला नसतो. तासाभराचं काम आहे, हिशेबतपासनीस असण्याची गरज नाही.

१. हिशेब मिळवा. इंग्लंडमधल्या क्लबांचे वार्षिक हिशेब कंपनीज हाऊस या तिथल्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. फक्त क्लबच्या नावाची कंपनी पाहून थांबू नका, तिच्या वरची मूळ कंपनीही शोधा. चेल्सीचे तेव्हाचे मालक रोमान अब्रामोविच यांनी क्लबात ओतलेले सुमारे १५० कोटी पौंड फोर्डस्टॅम या मूळ कंपनीच्या पुस्तकात कर्ज म्हणून दिसत होते.

२. कर्ज कोणाचं, ते पाहा. आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं. मालकाचं बिनव्याजी कर्ज, बँकेचं किंवा रोख्यांचं कर्ज आणि दुसऱ्या क्लबांना द्यायचे ट्रान्सफरचे, म्हणजे खेळाडू-खरेदीचे हप्ते, हे तीन रकाने वेगळे लिहून काढा. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, तेव्हा खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला. त्याआधी क्लब कर्जमुक्त होता. त्या पैशातून ना स्टँड उभा राहिला ना खेळाडू आला, व्याज मात्र क्लब भरत राहिला. टॉटनहॅमचं कर्जही अवाढव्य आहे, पण त्यातून नवं स्टेडियम उभं राहिलं आणि ते कमाई करतं. या दोघांना एका यादीत वर-खाली बसवणारे तक्ते मला निरुपयोगी वाटतात.

३. पगाराला उत्पन्नाने भागा. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या नव्या नियमांत खेळाडू-प्रशिक्षकांचे पगार, ट्रान्सफरचा वार्षिक भार (तो कसा काढतात ते पुढच्या मुद्द्यात) आणि एजंटांची फी मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत राहावी लागते. ही मर्यादा ९०, ८० अशी टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली. नुसते पगारच ७० टक्क्यांच्या वर गेलेले दिसले तर पुढची पानं सावकाश वाचा.

४. ट्रान्सफरचं गणित समजून घ्या. सगळी हातचलाखी इथेच चालते. समजा, खेळाडू ५ कोटींना घेतला आणि करार ५ वर्षांचा आहे. हिशेबात दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत ३ कोटी उरते. तेव्हा तो ४ कोटींना विकला तर चाहत्याला १ कोटीचा तोटा दिसतो, हिशेबात मात्र १ कोटीचा नफा! क्लबच्या अकादमीतून, म्हणजे युवा प्रशिक्षण केंद्रातून आलेल्या मुलाची पुस्तकी किंमत जवळपास शून्य, म्हणून त्याच्या विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात धरली जाते. क्लब घरचीच पोरं का विकतात, याचं एक मोठं कारण हे. चेल्सीने आठ-साडेआठ वर्षांचे करार करून वार्षिक भार पातळ केला, तेव्हा युएफाने २०२३ मध्ये हिशेबासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली.

५. तोटा नियमात बसतो का, ते तपासा. प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च लीगने, तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोट्याची मर्यादा ठेवली होती. अकादमी, महिला संघ आणि स्टेडियमवरचा खर्च त्यातून वगळला जात असे. याच नियमाखाली २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे आधी १० गुण कापले गेले, अपिलात ते ६ झाले आणि पुढे आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले. फॉरेस्टने ब्रेनन जॉन्सन या खेळाडूला जास्त भाव यावा म्हणून थांबून सप्टेंबरमध्ये विकलं, पण हिशेबाचं वर्ष जूनअखेर संपलं होतं, त्यामुळे तो पैसा त्या वर्षात धरला गेला नाही.

६. एकदाच येणारा पैसा बाजूला काढा. चेल्सीने दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली. अशी विक्री दरवर्षी होत नाही, त्यामुळे ती वजा करून नफा पुन्हा मोजा. मालकाशी संबंधित कंपन्यांचं प्रायोजकत्वही असंच वेगळं काढून पाहा.

७. शेवटी हिशेबाला जोडलेल्या टिपांमधला, कंपनी पुढेही चालू राहील का हे सांगणारा परिच्छेद वाचा. बहुतेक जण तो ओलांडून जातात. क्लब पुढचे बारा महिने मालकाच्या मदतीवर अवलंबून आहे असं तिथे लिहिलेलं असलं, तर ती मदत लेखी बांधील आहे की नुसतं आश्वासन आहे ते शोधा. वरचे नियम प्रामुख्याने तोटा आणि खर्च मोजतात. मालकाने उद्या हात आखडता घेतला तर पगार कोण देणार, याचं उत्तर त्यात मिळत नाही. बरी हा क्लब २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि पैशाची सोय दाखवता न आल्याने ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगबाहेर (प्रीमियर लीगच्या खालच्या स्तरांची लीग) काढला गेला.