दसरा ते पसरणी घाट: जुन्या गाड्यांच्या कौटुंबिक संमेलनाची तयारी

आमच्या घराण्याचं संमेलन डिसेंबरात भरतं. पुण्याहून सगळ्या जुन्या गाड्या एका रांगेत निघतात आणि वाईमार्गे पाचगणीला पोचतात. तयारी मात्र खंडेनवमीलाच सुरू करायची. त्या दिवशी पाने, जॅक, बारीक फटी मोजायचे फीलर गेज पूजेला मांडलेलेच असतात. नारळ फुटला की पेटीतली हत्यारं मोजून घ्यावीत. कोणता पाना शेजारी गेलाय, जॅकला तेल हवंय का, हे तिथल्या तिथे कळतं. महिना डिसेंबरचाच धरावा. पावसानं उखडलेले रस्ते तोवर बहुतेक बुजवलेले असतात, हवा थंड असल्यानं घाटात इंजिनं कमी तापतात आणि मुलांना पाचगणीत स्ट्रॉबेरी मिळू लागते.

पहिला निर्णय वेगाचा. ताफ्यात सर्वांत हळू चालणारी गाडी कोणती ते ठरवा आणि बाकी सगळं तिच्यावर बेतून टाका. आमच्यात ती विलीज जीप आहे. ती पुढे, तिच्यामागे मॉरिस मायनर, मग फियाट ११०० आणि पद्मिनी, शेवटी अँबेसेडर. तरुण मंडळींना हा क्रम सुरुवातीला जाचक वाटतो, पण जीप मागे ठेवली की ती एकटी पडते आणि तिला गाठायला कुणालातरी परत यावं लागतं. अँबेसेडर शेवटी ठेवायचं कारण तिची डिकी: जड सामान, दोर आणि पाण्याचे कॅन तिच्यात. सगळ्यांत मागे एक आजची गाडी असावीच. लहान मुलं आणि गरोदर बायका त्याच गाडीत बसतील, कारण जुन्या गाड्यांना सीटबेल्ट नाहीत आणि काहींची पुढची दारं उलटी, म्हणजे वाऱ्याच्या दिशेला उघडतात. चालत्या गाडीत असं दार नीट लागलेलं नसेल तर वाराच ते ओढून काढतो. यावर घरात वाद घालू नये, घालू देऊही नये.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी टाकीकडे वळा. महिनोन् महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल उतरवून टाका. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्र्याला गंज चढतो. शिवाय या गाड्यांचे रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंगं ज्या काळात घडली त्या काळात पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतंच. पाइप चिमटीत धरून दाबून बघा. बोटाला चिकट लागला, फुगलेला वाटला किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर इथेनॉल सोसणारा नवा पाइप घाला. व्हायटॉनचा मागितला की दुकानदाराला कळतं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याला हा माल मिळतो. जुना तुकडा नमुन्याला न्यावा, व्यासाचा अंदाज तोंडी सांगू नये. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. त्याआधीच्या इंजिनांत मऊ बिडाच्या व्हॉल्व्ह सीट्स, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडा, असतील तर शिशाच्या आधाराविना त्या झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो. टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतलं अंतर, दर वेळी कमी झालेली सापडत असेल तर पुढच्या वेळी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडाल तेव्हा कडक सीट्स बसवून घ्या.

ब्रेकवर मी सर्वांत जास्त वेळ मागते. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांचा हायड्रॉलिक ब्रेक एकाच नळीजाळ्यावर चालतो, म्हणून एका चाकाचा वॉशर गेला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. चारही ड्रम उतरवा, व्हील सिलिंडरचं धुळीचं रबर बाजूला करून आत ओल आहे का ते पाहा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला डाग दिसला तर तो ग्रीसचा असेल असं म्हणून पुढे जाऊ नका, बोटाला लावून वास घ्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि घाटात तापलं की त्यात वाफ होते आणि ब्रेक लागेनासा होतो. ते जुनं असेल तर पूर्ण काढून नवं भरा, वरून नुसती भर घालू नका. मग हँडब्रेक. पायाचा ब्रेक गेला तर तोच उरतो, तेव्हा चढावर गाडी उभी करून एकट्या हँडब्रेकवर धरते का ते बघायचं. जी धरत नाही ती गाडी त्या वर्षी पुण्यातच राहते. मोठ्या काकांची असली तरी.

टायर नक्षीला चांगले दिसतात आणि वयानं संपलेले असतात. कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारच्या जागी तीन आकडे दिसले तर तो टायर २००० सालाआधीचा. त्यावर घाट चढू नये. ट्यूबचे टायर असतील तर स्टेपनीबरोबर एक जादा ट्यूब.

विजेचं काम कमी, पण चुकलं तर महागात पडतं. आमच्या जीपची बॅटरी सहा व्होल्टची आहे, बाकी गाड्यांची बारा व्होल्टची, आणि मॉरिसला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. कुणी घाईत मदत म्हणून जंपर वायर जोडली तर दोन गाड्या एकदम बसतील. म्हणून प्रत्येक बॉनेटच्या आत पांढऱ्या रंगानं व्होल्ट आणि अर्थ लिहून ठेवा. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, घासून त्यांची फट बघा, या इंजिनांत ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यायचा. जादा पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, दोन प्लग आणि बाइंडिंग वायर प्रत्येक गाडीत वेगळी ठेवा. एकाच गाडीत सगळं ठेवलं तर हवं तेव्हा तीच गाडी पाच किलोमीटर पुढे असते.

कागद एका संध्याकाळी उरकतात: आरसी, पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण, विमा, पीयूसी, हरित कर, नवी नंबरप्लेट आणि फास्टॅग, कारण खेड शिवापूरला टोलनाका आहे. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, पण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणी टिकवणं सोयीचं.

आता माणसं. संमेलनाच्या महिनाभर आधीचे रविवार मी चालवायला शिकवण्यासाठी राखून ठेवते, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत हेच खरं काम. गाड्या दुरुस्त होतात, चालवणारे हात मात्र नव्यानं घडवावे लागतात. भाचे-पुतण्यांना स्टिअरिंगवरचा गिअर मोकळ्या मैदानात शिकवा. फियाट आणि अँबेसेडरचा पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही, पाडायला गेलं तर दात किरकिरतात. म्हणून चढाच्या वळणावर गाडी दमायच्या आतच दुसरा घ्यायचा, हे पायाला सवयीचं झालं पाहिजे. इंडिकेटर नसलेल्या गाडीत हाताचे इशारे लागतात, तेही घोटून घ्या. प्रत्येकाला किमान एक टप्पा चालवायला मिळेल अशी वाटणी आधीच कागदावर करा. घाट अनुभवींकडे, सुरूर फाटा ते वाई हा सपाट टप्पा नवशिक्यांकडे.

प्रत्येक गाडीची एक वही हवी. तीत तेल कधी बदललं, टॅपेटची फट किती, कोणत्या दुकानातून काय आणलं हे तर लिहायचंच, पण ज्येष्ठांना शेजारी बसवून त्यांच्या हाताच्या सवयीही उतरवून घ्या. आमच्या फियाटच्या वहीत आत्यानं सांगितलंय: थंडीत चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडा, मग स्टार्टर, सूर लागला की चोक अर्ध्यावर, कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत पूर्ण आत. कंपनीच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

आदल्या रात्री चाकांचे नट आवळा, रेडिएटर गार असताना पाणी भरा, शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवा. फोनची रेंज घाटात जाते, त्यामुळे थांबे तोंडी ठरलेले असावेत: शिरवळला चहा, सुरूर फाट्याला सगळे जमेपर्यंत थांबणं, वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन आणि जेवण. सकाळी सहाला निघा आणि दिवेलागणीच्या आत पोचा. हा ऊसतोडणीचा हंगाम असतो, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि सहा व्होल्टच्या हेडलाइटला त्या फार उशिरा दिसतात.

वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, मध्ये बारा-तेरा किलोमीटरचा पसरणी घाट. चढायच्या आधी वाईला इंजिनं गार होऊ द्या. मध्येच एखादी गाडी धापा टाकून बंद पडली आणि पेट्रोल असूनही सुरू होईना, तर बहुधा पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर आणि पाइपवर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं स्टार्टर मारू नका. रेडिएटरचं झाकण तापलेल्या गाडीत कुणीही उघडायचं नाही, हे मुलांना निघतानाच बजावून ठेवा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सारखा पाय ठेवला की ड्रम तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात.

पाचगणीला पोचल्यावर जेवायच्या आधी प्रत्येक चालकानं आपल्या गाडीच्या चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावं. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय, परतीच्या आधी तो सोडवायला हवा. रात्री सगळ्या वह्या एका टेबलावर येतात, वाटेत काय बिघडलं ते ज्यानं चालवलं त्यानंच लिहायचं, आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत कुठला भाग कोण शोधणार तेही त्याच रात्री ठरवून टाकायचं. मॉरिसच्या डायनॅमोचे ब्रश यंदा माझ्याकडे आलेत.